‘स्मृतिचित्रे’ आणि समुपदेशकाची मर्यादा

लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’वर मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे. तिच्यातल्या विनोदावर, घरगुती भाषेवर आणि धर्मांतराच्या इतिहासावर समीक्षकांनी भरभरून लिहिले. पण दुखावलेल्या मनांशी जवळची माणसे कशी वागली, हेही या पुस्तकात आहे, आणि तिकडे फारसे लक्ष गेलेले नाही. ख्रिस्ती श्रद्धा आणि मानसशास्त्र यांची समुपदेशनात सांगड घालता येते का, असा प्रश्न आज विचारला जातो. त्याचा विचार करताना नाशिककराने आधी गोदाकाठच्या जलालपूरला जावे.

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ सालचा, या जलालपूरचा. त्यांचे वडील नाना गोखले यांच्या सोवळ्याला सीमा नव्हती. बाहेरून आलेली वस्तू धुतल्यावाचून घरात यायची नाही. मीठसुद्धा त्यातून सुटत नसे. आजचा मानसोपचारतज्ज्ञ याला मंत्रचळ म्हणेल आणि ते चूक ठरणार नाही. पण लक्ष्मीबाई या सोवळ्याची कथा सत्तावनच्या धामधुमीत नानांच्या सासऱ्यांना झालेल्या फाशीपासून सुरू करतात. निदानाने आजाराला नाव मिळते. त्यामागची दहशत मात्र ही कथा सांगते. शिवाय नानांच्या भीतीने पांघरूण घेतले ते धर्माचे. तेव्हा ‘श्रद्धा म्हणजे औषध’ हे सूत्र पुस्तकाच्या आरंभीच मोडते. श्रद्धेच्या भाषेत दुखणेही बोलते.

युरोप-अमेरिकेत हाच प्रश्न वेगळ्या रूपात उभा होता. झुरिकचे पाद्री ऑस्कर फिस्टर यांचा फ्रॉइडशी पत्रव्यवहार १९०९ मध्ये सुरू झाला. फ्रॉइडने १९२७ साली धर्माला भ्रम ठरवणारे पुस्तक लिहिले, तेव्हा फिस्टरने पुढच्याच वर्षी त्याला जाहीर उत्तर दिले. तरी मैत्री तुटली नाही. अमेरिकेत अँटन बॉइसन या धर्मोपदेशकाने स्वतः मनोविकाराचा झटका सोसला होता. १९२५ मध्ये वुस्टरच्या मनोरुग्णालयात त्याने धर्मशास्त्राच्या विद्यार्थ्यांना रुग्णांजवळ बसवले. ग्रंथ वाचतो तितक्याच आदराने माणूस वाचावा, हा त्याचा आग्रह होता. ‘स्मृतिचित्रे’चा पहिला भाग आला तो १९३४ साली. लक्ष्मीबाईंना या मंडळींची खबर असण्याचे कारण नाही. पण माणूस वाचण्याची ती विद्या त्यांच्यापाशी उपजतच होती.

१० फेब्रुवारी १८९५ रोजी नारायण वामन टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंच्या पायाखालची जमीन सरकली. पुढची सुमारे पाच वर्षे ताटातुटीची. या काळात त्यांना कोणी सावरले? बहीण, पेंडसे कुटुंब आणि स्वतःची कविता यांनी. त्यांची वेदना इथेच पद्यात उतरू लागली. टिळकांचीही पत्रे आणि कविता येत. त्यांत प्रेम होते, तळमळ होती, आणि आपण धरलेली वाट बरोबर असल्याची खात्रीही होती. ज्याच्यामुळे घाव झाला, त्याच्याच उपदेशाने तो भरत नाही, हे ती पाने वाचताना सतत जाणवते.

दोघे पुन्हा एकत्र आले, तेव्हा बाईंनी आपले सोवळे आणि पाणी वेगळे ठेवले, आणि टिळकांनी ते ठेवू दिले. माझ्या मते पुस्तकातली ही सर्वांत मोलाची जागा आहे. जातिभेद देवाने केला की माणसाने, हा प्रश्न बाईंना पडला तो त्यांच्या स्वतःच्या मनात, स्वतःच्या वेळी. आधी शिवाशीव गळून पडली. बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० साली राहुरीस.

म्हणून टिळकांना आदर्श समुपदेशक ठरवावे काय? तसे करणे पुस्तकावर अन्याय होईल. बाईंना एकटे टाकणारे तेच होते आणि त्यांचे मन वळावे अशी इच्छा धरणारेही तेच. नवरा, कवी आणि धर्मप्रसारक एकाच देहात असताना समोरच्या बाईला ‘नाही’ म्हणायला कितीशी जागा उरते? ती जागा लक्ष्मीबाईंनी भांडून मिळवली. समुपदेशकाकडे येणाऱ्या प्रत्येकात ते बळ नसते. म्हणूनच ज्याला समोरच्याच्या धर्मांतरात रस आहे, त्याने त्या भेटीला समुपदेशन म्हणू नये. उलट बाजूने, ज्याला समोरच्याची श्रद्धा म्हणजे निव्वळ लक्षण वाटते, त्यानेही म्हणू नये. ‘प्रार्थना कर, बरे वाटेल’ आणि ‘देवाचे बाजूला ठेवा, झोपेचे सांगा’ या दोन्ही वाक्यांत ऐकणे संपलेले असते.

इथे मराठीतले दोन शब्द वेगळे ठेवायला हवेत: पाप आणि अपराधगंड. केलेल्या अन्यायाची बोच हा आजार नव्हे. तिला कबुली, भरपाई आणि क्षमा लागते, आणि चर्चला ती भाषा येते. न केलेल्या गोष्टीची बोच मात्र क्षमेच्या शंभर आश्वासनांनी शमत नाही. हात कितीदा धुतला तरी नानांचे समाधान कुठे होई? तिथे उपचारच हवा. कोणती बोच कोणती, हे ओळखता येणे हीच सांगडीची खरी कसोटी. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानेही एक कुंपण घातले आहे: समाजातल्या प्रचलित धार्मिक समजुतींशी न जुळणे एवढ्यावरून कोणाला मनोरुग्ण ठरवता येत नाही. टिळकांच्या काळी असे कुंपण नव्हते.

तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे टिळक सांगत. १९१७ साली त्यांनी ‘देवाचा दरबार’ उभा केला, तो बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या अशा दोघांसाठी. ही रुंदी त्यांच्यात कुठून आली असावी? तुकोबांइतकाच तिच्यात स्वतःच्या स्वयंपाकघराचाही वाटा असावा, असे मला वाटते. एकाच छपराखाली दोन घागरी वेगळ्या भरल्या जात होत्या, आणि बाईंची घागर त्यांनी कधी आपल्या हाताने रिती केली नाही.