पाणी खालूनही येतं

सॅन फ्रान्सिस्कोत घर शोधत असाल, तर हंटर्स पॉइंटची जाहिरात तुमच्या नजरेस पडली असेल. आपण शाळांचे गुण पाहतो, ऑफिसचं अंतर मोजतो. या जागेचा पर्यावरण अहवालही वाचा, असं मी सुचवेन.

इथे नौदलाची गोदी होती. १९४६च्या बिकिनीतल्या अणुचाचण्यांत सापडलेली जहाजं इथे आणून घासली गेली. गोदी १९७४ मध्ये बंद झाली आणि १९८९ मध्ये ही जागा 'सुपरफंड' यादीत, म्हणजे देशातल्या अतिदूषित जागांत गेली. आज लोक राहतात तो टेकडीवरचा भाग १९९९ मध्ये यादीतून वगळला गेला. प्रश्न आहे तो खालच्या, खाडीलगतच्या जमिनीचा.

अशा तळावर वस्ती करताना कागद दोन ठिकाणी तयार होतात. जमीन कशी आणि किती साफ करायची, ते केंद्राच्या देखरेखीखाली नौदल ठरवतं. बांधकामामुळे रहदारी, हवा, पाणी यांचं काय होईल, ते राज्याच्या कायद्यानुसार शहर तपासतं. शहराचा २०१० मध्ये मंजूर झालेला अहवाल जाडजूड आहे, मेहनतीचाही आहे. समुद्र चढेल हे धरून जमीन उंच करण्याचा विचारही त्यात आहे. पण सफाई ठरल्याप्रमाणे होईल आणि टिकेल, या गृहीतकावर तो उभा आहे.

ते गृहीतक पुढे डळमळलं. नौदलाच्या कंत्राटदाराच्या दोन पर्यवेक्षकांना मातीच्या नमुन्यांतल्या बनवाबनवीबद्दल २०१८ मध्ये तुरुंगवास झाला. २०२२ मध्ये शहराच्या नागरी ग्रँड ज्युरीने दुसरी उणीव दाखवली: समुद्र चढला की भूजलही वर येतं आणि पुरलेल्या दूषित मातीपर्यंत पोचू शकतं. काही भागांत दूषित माती जागेवरच ठेवून वर आच्छादन घालायचं ठरलं आहे. आच्छादन वरून लागणारा धक्का अडवतं. खालून येणाऱ्या पाण्याला ते काय करणार? झाकली मूठ सव्वा लाखाची असेलही, पण इथे त्या मुठीवर आपली मुलं खेळणार आहेत.

दोष एकट्या अहवालाचा नाही, कामाच्या वाटणीचा आहे. जमीन एकाने पाहायची, घरं दुसऱ्याने, आणि दोन्हींच्या मधलं पाणी कोणीच नाही.

अलामीडा आणि कॉनकॉर्ड इथेही नौदलाच्या जुन्या तळांवर वस्ती उभारण्याच्या योजना आहेत. तिथली जनसुनावणी लागेल तेव्हा जा, आणि दोनच गोष्टी विचारा: जमिनीत काय ठेवणार आहात, आणि भूजल वर आलं तर त्याचं काय होईल? उत्तर अहवालात कोणत्या पानावर आहे, तेही विचारा.