सर्जनशील म्हणावे कोणाला? जनाबाई ते चक्कीनामा

मुस्लिम मराठी साहित्याची चर्चा निघाली की आपल्याकडे एक यादी पुढे येते. श्रीगोंद्याचे शेख महंमद, शाहीर अमर शेख आणि मग आजचे कवी-कथाकार. यादी खरी आहे, अभिमानाचीही आहे. परंतु तिच्यात शिरण्याची अट कोणती, हे कोणी विचारत नाही. अट एकच दिसते : नावावर छापलेले काहीतरी हवे. ज्याचे पुस्तक तो सर्जनशील, बाकीचे सारे श्रोते. आम्हांस ही अट मान्य नाही, आणि त्याचे कारण सांगण्यासाठी परभणी जिल्ह्याबाहेर जाण्याची गरज नाही.

गंगाखेडची जनाबाई नामदेवांच्या घरची दासी. दळण, कांडण, झाडलोट, शेणगोठा ही तिची कामे. साडेतीनशेच्या आसपास अभंग तिच्या नावावर सांगितले जातात. त्यांतले नेमके किती तिचे, याबद्दल अभ्यासकांना शंका आहेत. त्या वादात आम्ही पडत नाही. आम्हांला महत्त्वाची वाटते ती एक परंपरागत समजूत. कोणत्या संताचे बोल कोणी लिहून घेतले याची नोंद एका अभंगात आहे. ज्ञानदेवांना लेखक होता, इतरांनाही होते. जनीचे अभंग मात्र प्रत्यक्ष देवाने लिहिले, असे म्हटले आहे. भाविक याला कौतुक समजतात. आम्हांला त्यात एक उणे दिसते. दासीचे बोल लिहून घ्यायला माणसांपैकी कोणी बसले नाही, म्हणून देवाला बसवावे लागले, असा त्याचा सरळ अर्थ होऊ शकतो.

उर्दूत सर्जनाला तखलीक म्हणतात. खालिक म्हणजे निर्माता, आणि तो अल्लाह. माणसासाठी हा शब्द वापरताना आपल्या बुजुर्गांची जीभ थोडी अडखळते. ही अडखळ आम्हांला बरी वाटते. उर्दू शायरीने आमद आणि आवुर्द असा भेद केला : आपोआप आलेले आणि ओढून आणलेले. पण त्याच शायरीत उस्तादाकडून इस्लाह घेण्याची रीतही होती. म्हणजे शेर एकट्याचा आहे असे कोणी मानत नव्हते. ‘स्वयंभू कलावंत’ ही कल्पना बरीच अलीकडची आहे.

बी.एड.ला आम्ही गिलफर्ड शिकलो. त्यांनी १९५० साली अमेरिकन मानसशास्त्र संघटनेच्या अध्यक्षीय भाषणात सर्जनशीलतेकडे झालेल्या दुर्लक्षाबद्दल बोलून या विषयाला गती दिली. प्रवाहिता, लवचिकता, मौलिकता असे शब्द आम्ही पाठ केले. विटेचे किती उपयोग सांगता येतात यावरून मुलाची सर्जनशक्ती मोजता येते, हेही शिकलो. परीक्षेत गुण मिळाले. वर्गात मात्र फसलो.

आठवीच्या वर्गाला मराठीत कविता लिहून आणायला सांगितले होते. एका मुलीने नानीकडून ऐकलेले जात्यावरचे गाणे आणले, अर्धे दखनी, अर्धे मराठी. ‘सर, ये नज्म है क्या?’ तिने विचारले. आम्ही म्हणालो, हे तुझे नाही, आणि दहापैकी दोन गुण दिले. वही परत देताना लक्षात आले की गाण्यातला भाऊ माहेराहून बैलगाडीत येत नव्हता, देवगिरी एक्सप्रेसने येत होता. नानीच्या जात्याजवळ देवगिरी कोठून आली? हा बदल त्या मुलीचा. तिचा भाऊ मुंबईला कामाला आहे.

आम्ही तो बदल चूक म्हणून लाल शाईने अधोरेखित केला होता.

ही गोष्ट एका मुलीपुरती नाही. आपल्या घरांत जात्यावर गाणे ही परंपरा जुनी आहे. रिचर्ड ईटन यांनी विजापूरच्या सूफींवरील १९७८च्या ग्रंथात दखनीतील चक्कीनाम्यांची आणि चरखानाम्यांची चर्चा केली आहे. दळताना, सूत काततानाच्या या गाण्यांत सूफींनी तौहीद आणि पीर-मुरशिदची भक्ती ओवली. जात्याच्या खुंट्यात त्यांना अलिफ दिसला. खेड्यापाड्यांत इस्लाम स्त्रियांमार्फत घराघरांत पोचण्याचे हे एक साधन होते, असे ईटन यांचे म्हणणे. रचणारे सूफी होते, त्यांतील काहींची नावे पोथ्यांत आहेत. परंतु गळ्यातून गळ्यात जाताना ज्यांनी ती गाणी जगवली आणि बदलली, त्यांची नावे कोठे आहेत?

नोंद करता येत नाही, ही सबब खोटी. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या आणि ओवीबरोबर गाणाऱ्या बाईचे नाव, गाव टिपले. आपल्या ताडकळसची ओवीसुद्धा त्यात आहे. आपल्या वार्षिकांनी, आपल्या संमेलनांनी हे काम किती केले? आम्ही परिसंवादात ‘मुख्य प्रवाह आमची दखल घेत नाही’ म्हणतो. आणि आपण कोणाची दखल घेतो?

येथे एक आक्षेप येईल. प्रत्येक गाणारी बाई सर्जनशील ठरवली तर त्या शब्दाला किंमत काय उरेल? आक्षेप रास्त आहे. बऱ्याच ओव्या ठरावीक साच्याच्या असतात, तशाच आपल्या बऱ्याच छापील गझलाही असतात. साचा हा दोष नाही. साच्यात राहून जिने आपले जगणे एका शब्दाने आत आणले ती सर्जनशील, आणि दिवाण छापूनही ज्याने काही आणले नाही तो नव्हे. कसोटी लावायची तर दोघांनाही हीच लावा. आमच्या परभणीचे बी. रघुनाथ निजामाच्या बांधकाम खात्यात कारकुनी करीत कविता-कादंबऱ्या लिहीत होते. त्यांना लेखणी तरी हाती होती.

त्या मुलीने पुढे नानीची अकरा गाणी उतरवून आणली. ती या अंकासाठी पाठवावीत असा विचार होता. नाव कोणाचे घालायचे येथे अडले. आम्ही नातीला विचारले, तिने नानीकडे बोट दाखवले. नानी म्हणाली, माझे नाव कशाला, ही तर माझ्या सासूची गाणी, आणि तिने तिच्या जाऊबाईकडून घेतली होती. जाऊबाईंचे नाव नानीला आठवत नाही.