बर्लिनमार्गे हॉलिवूड

हॉलिवूडचं सुवर्णयुग म्हटलं की गेबल, बोगार्ट, गार्बो ही नावं ओठांवर येतात. प्रत्यक्षात तो कारखान्यांचा काळ होता. १९२७ मध्ये ‘द जाझ सिंगर’ बोलू लागला, तेव्हापासून १९४८ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालापर्यंत एमजीएम, पॅरामाउंट, वॉर्नर अशा मोजक्या कंपन्या चित्रपट काढत, वितरित करत आणि स्वतःच्याच थिएटरांत दाखवत. मुंबईचं मेट्रो (१९३८) हेसुद्धा एमजीएमनेच बांधलेलं.

या कारखान्यांत कलेचा प्राण फुंकला, तो मुख्यतः युरोपातून आलेल्या माणसांनी, असं माझं ठाम मत आहे. ‘कॅसाब्लांका’च (१९४२) घ्या. दिग्दर्शक मायकेल कर्टिझ हंगेरीचा, संगीतकार मॅक्स स्टायनर व्हिएन्नाचा. उर्मट नाझी मेजर साकारणारा कॉनराड फाइट नाझींमुळेच जर्मनी सोडून आलेला; त्याची पत्नी ज्यू होती. कॅफेत जर्मन अधिकाऱ्यांच्या गाण्यावर मात करत फ्रेंच राष्ट्रगीत उसळतं, तेव्हा जिच्या डोळ्यांत पाणी तरळतं ती मादलेन लबो १९४० मध्ये पॅरिसमधून जीव वाचवून निघाली होती. तो प्रसंग आजही अंगावर काटा आणतो, कारण पडद्यावरच्या अनेकांनी ते दुःख भोगलेलं होतं.

बिली वाइल्डरनेही १९३३ मध्येच बर्लिन सोडलं. त्याच्या ‘डबल इन्डेम्निटी’तल्या (१९४४) खिडकीच्या पट्ट्यांतून झिरपणाऱ्या सावल्या पुढे जगभर पोहोचल्या, गुरुदत्तच्या ‘बाजी’तही (१९५१) त्या वातावरणाची छाया दिसते.

१९३४ पासून कडक झालेल्या सेन्सॉरसंहितेमुळे दिग्दर्शक सूचक बोलायला शिकले, असं नेहमी सांगितलं जातं. मला ते पटत नाही. बर्लिनहून आलेला अर्न्स्ट लुबिच १९३२ मध्येच ‘ट्रबल इन पॅरडाइज’मध्ये बंद दाराआडून सगळं सांगून मोकळा झाला होता. संहितेने त्याला काही शिकवलं नाही. उलट त्या चित्रपटाचं पुनःप्रदर्शन अडवलं.

त्याच संहितेत भिन्न वंशांतल्या प्रेमसंबंधांना बंदी होती आणि तिची झळ घरच्याच कलावंतांना बसली. चिनी शेतकऱ्यांच्या जीवनावरच्या ‘द गुड अर्थ’च्या (१९३७) नायिकेसाठी लॉस एंजेलिसमध्येच जन्मलेल्या अ‍ॅना मे वाँगचं नाव चर्चेत होतं. नायक गोरा पॉल म्युनी ठरल्यावर तिला ती भूमिका मिळणं अशक्यच झालं. ती युरोपातून आलेल्या लुइझ रायनरकडे गेली आणि तिला त्यासाठी ऑस्करही मिळालं. दूरच्या निर्वासितांना सामावून घेणाऱ्या उद्योगाने आपल्याच देशातल्या गुणवंतांना असं दाराबाहेर ठेवावं, हा या युगावरचा सर्वांत मोठा डाग आहे.

हॅटी मॅकडॅनियलला ‘गॉन विथ द विंड’मधल्या मोलकरणीच्या भूमिकेसाठी १९४० मध्ये ऑस्कर मिळालं, तेव्हा समारंभात तिला सहकलाकारांपासून वेगळ्या टेबलावर बसवलं होतं. त्यानंतर अभिनयाचं ऑस्कर दुसऱ्या कृष्णवर्णीय अभिनेत्रीच्या हाती पडायला १९९१ उजाडलं.