फाब्रचे विंचू : डोळ्यांना दिसले ते आणि पायांना कळले ते

विंचवांच्या प्रणयाराधनाविषयी लिहिताना झाँ-आन्री फाब्र (१८२३–१९१५) यांना वगळून चालत नाही. दक्षिण फ्रान्समधील सेरिन्याँ गावी, काचेच्या पेटीत वाळू आणि खापऱ्या ठेवून, रात्री कंदिलाच्या उजेडात त्यांनी हे विंचू पाहिले. कीटकांवरील त्यांच्या ग्रंथमालेच्या नवव्या खंडात ती प्रकरणे आहेत. नर मादीचे चिमटे आपल्या चिमट्यांत धरतो, मागे मागे चालू लागतो, मादी त्याच्यामागून जाते. ही फेरी तासभरही चालते. शेवटी जोडी खापरीखाली शिरते.

या लेखनाचे मोल आम्ही कमी मानत नाही. फाब्र घाई करत नाहीत; जे पाहिले ते क्रमाने सांगतात. खापरी उचलूनही प्रत्यक्ष मीलन दिसले नाही, हे ते लपवत नाहीत. वर्गात मोठ्याने वाचून दाखवावे असे हे गद्य आहे.

आमची तक्रार वेगळी आहे. फाब्रना या फेरीत प्रेमिकांचा फेरफटका दिसतो, आणि नराला मादीने खाल्ले की शोकांतिका. उपमा इतकी गोड आहे की ‘ते चालतात कशासाठी?’ हा प्रश्न वाचकाला पडतच नाही. उत्तर १९५० च्या दशकात मिळाले. नर शुक्राणूंची कुपी जमिनीवर चिकटवतो आणि मादीला तिच्यावर ओढून आणतो. म्हणजे ती फेरी बरीचशी योग्य, टणक जागेचा शोध असते. आणि अनेक जातींत नर बहुधा सुखरूप निसटतो.

दुसरी उणीव कंदिलाची आहे. कंदील डोळ्यांपुरताच; विंचवाचे जग मात्र पायांखाली असते. फिलिप ब्राउनेल यांनी १९७७ मध्ये मोहावे वाळवंटातील विंचवांवर केलेले काम प्रसिद्ध झाले. भक्ष्य हलले की वाळूत तरंग उठतात. विंचवाच्या पायांवरील बारीक चिरांसारखी इंद्रिये त्यांतील पृष्ठीय तरंग टिपतात. वाळूत या तरंगांचा वेग सेकंदाला सुमारे ५० मीटर. पाय पाच सेंटिमीटरच्या वर्तुळात टेकलेले धरले, तर तरंग एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जायला एक मिलिसेकंद लागतो. कोणत्या पायाला आधी कळले, यावरून विंचू दिशा ठरवतो.

आता प्रणयाकडे पाहा. अनेक जातींत नर पाय जागीच रोवून अंग पुढेमागे झपाझप थरथरवतो. ज्या जमिनीतून मादीला भक्ष्याची चाहूल लागते, त्याच जमिनीतून ही थरथर तिच्यापर्यंत पोहोचत असणार. ‘मी भक्ष्य नाही, तुझ्याच जातीचा नर आहे’ असा हा निरोप असावा, असा अभ्यासकांचा कयास आहे. तो कयास आहे हे विद्यार्थ्यांना सांगायलाच हवे. नाहीतर फाब्रच्या उपमेच्या जागी आपण नवी उपमा बसवू.

शिक्षकांना आम्ही एवढेच सुचवू : फाब्रचा एक उतारा घ्या, फळ्यावर दोन रकाने आखा, ‘पाहिले’ आणि ‘मानले’. प्रत्येक वाक्य कुठे जाते ते मुलांना ठरवू द्या. विंचू मात्र पकडायला लावू नका. कोकणातल्या लाल विंचवाचा दंश जिवावर बेतू शकतो. पहिला रकाना भरगच्च निघेल. शंभर वर्षांनंतरही फाब्र वाचावासा वाटतो तो त्या रकान्यामुळे.