मर्यादित हमी : एक रसग्रहण

मराठी समीक्षेला काहीही वर्ज्य नाही. कादंबरीची समीक्षा होते, नाटकाची होते, नाटकाच्या समीक्षेची समीक्षा होते, आणि तिच्यावरून वाचकांच्या पत्रव्यवहारात जी हाणामारी होते तिच्यावरही पुढे कुणीतरी पीएच.डी. करतो. पण तुमच्या-आमच्या घरात, टीव्हीखालच्या खणात, रबर बँड लावून ठेवलेले जे वाङ्मय आहे त्याच्याकडे आजवर एकाही समीक्षकाने ढुंकून पाहिलेले नाही. मी वॉरंटी कार्डाबद्दल बोलतो आहे. मिक्सर, पंखा, गीझर, फ्रीज, प्रत्येक वस्तूबरोबर एक प्रत फुकट! एवढा खप कुठल्या कवीच्या नशिबी आला? आणि न वाचता जपून ठेवण्याचा मान आपण धर्मग्रंथांखालोखाल याच वाङ्मयाला देतो.

माझ्यासमोर जी प्रत आहे ती एका २४ इंची मॉनिटरबरोबर आलेली. कंपनीचे नाव सांगत नाही, कारण सगळ्या कंपन्यांची कार्डे एकाच अज्ञात कवीने लिहिली असावीत असा माझा अंतर्गत पुराव्यावरून निष्कर्ष आहे. कागद पातळ, घड्या आठ. उलगडला की पलंगभर होतो आणि पुन्हा पहिल्यासारखा मिटत नाही. भाषा अकरा. त्यांत मराठी नाही. टाइप असा की वाचायला माझा चष्मा आणि सौभाग्यवतींचा चष्मा एकावर एक लावावा लागतो. शीर्षक, ‘मर्यादित हमी’.

आता पाहा, हमी म्हटली की ती मर्यादित कशी? माणूस शब्द देतो किंवा देत नाही. ‘मर्यादित शब्द देतो’ असे कुणी म्हणाले तर आपण त्याला मुलगी देऊ का? पण आपल्या साहित्यशास्त्राने शब्दाच्या अभिधा, लक्षणा आणि व्यंजना अशा तीन शक्ती सांगितल्या आहेत, आणि हे कार्ड संपूर्णपणे तिसरीवर चालते. ‘कंपनीच्या निर्णयानुसार दुरुस्ती अथवा बदली’ याचा वाच्यार्थ तुम्हाला कळलाच. व्यंग्यार्थ, ‘तुम्ही कोण विचारणार?’

हा ग्रंथ वाचण्याची वेळ माझ्यावर आली ती अशी. निवृत्तीनंतर मी चिंचवडला घरी बसून भोसरी एमआयडीसीतल्या तीन-चार गाळेवाल्यांचे हिशेब लिहितो. महिन्याच्या ११ तारखेच्या आत त्यांच्या विक्रीचा जीएसटी तक्ता भरायचा असतो. ९ तारखेला रात्री मॉनिटर काळा पडला. खालचा निळा दिवा मात्र शांतपणे चालू, देव्हाऱ्यातल्या समईसारखा. मॉनिटरचे वय १४ महिने, हमी ३ वर्षांची.

दुसऱ्या दिवशी बिलांची पिशवी घेऊन एका गाळ्यावरचा टर्नर आला. मूळचा लातूरकडचा, हातात कायम ऑइल. त्याने माझ्या परवानगीची वाट न पाहता मोबाइलचा टॉर्च लावला आणि पडद्यावर तिरका धरला. आणि काय सांगू, त्या अंधारात माझा अख्खा तक्ता पुसट पुसट दिसायला लागला! आकडे, रकाने, सगळे जागच्या जागी.

“जिता हाय साहेब,” तो म्हणाला. “नुसता मागचा दिवा गेलाय.”

त्याचे निदान बरोबर होते. या पडद्याला स्वतःचा उजेड नसतो. चित्र पुढे उमटते आणि मागून एलईडीच्या पट्ट्या ते उजळतात. पट्टी गेली किंवा तिला वीज पुरवणाऱ्या बोर्डावरचा एखादा कपॅसिटर फुगला, की चित्र असूनही दिसत नाही. टर्नरने खिशातून स्क्रू-ड्रायव्हर काढला सुद्धा. मी त्याचा हात धरला. कारण कार्डाच्या तिसऱ्या कलमात स्पष्ट म्हटले होते की अनधिकृत व्यक्तीने झाकण उघडल्यास हमी संपुष्टात येईल. अनधिकृत व्यक्ती! हा मनुष्य पोलादाला केसाच्या जाडीच्या हिशेबात छिलतो, आणि तो अनधिकृत. (तक्ता तेवढ्या रात्री माळ्यावरच्या जुन्या डब्बा मॉनिटरवर भरला. तो पिंपरी कॅम्पातल्या एका मेकॅनिकने आजवर चारदा दुरुस्त केलेला आहे. त्याचे कार्ड कधीच हरवले, हेच कदाचित त्याच्या दीर्घायुष्याचे रहस्य.)

कार्डातला सर्वांत काव्यमय भाग म्हणजे अपवादांचे प्रकरण. वीज पडणे, पूर, भूकंप, युद्ध, दंगल, कीटक, अयोग्य व्होल्टेज आणि शेवटी ‘ईश्वरी कृत्य’. एवढी संकटे एका दमात पुराणिकबुवांनीसुद्धा सांगितली नसतील. मोरया गोसावींच्या समाधीपासून हाकेच्या अंतरावर राहून मॉनिटरचा आळ ईश्वरावर घ्यायला माझे मन धजेना. पण कवीला अशा स्थानिक भावनांशी देणेघेणे नसते.

मला खरा चटका लावून गेला तो ठिपक्यांचा श्लोक. पडद्यावर काही ठिपके मेले तरी तो दोष मानला जाणार नाही, असे कार्ड म्हणते. याला आधारही आहे. आयएसओ १३४०६-२ नावाचे एक आंतरराष्ट्रीय मानक २००१ साली निघाले. त्याच्या दुसऱ्या वर्गात दर दहा लाख ठिपक्यांमागे २ कायम पेटलेले, २ कायम विझलेले आणि वर ५ अर्धवट बिघडलेले चालत. २००८ साली त्याची जागा नव्या मानकांनी घेतली, पण विचार अमर असतो. माझ्या पडद्यावर १९२० गुणिले १०८० म्हणजे २०,७३,६०० ठिपके. म्हणजे त्या हिशेबाने दीड डझन तरी कंपनीला माफ.

आता हेच दहा लाख आमच्या भोसरीत कसे मोजतात ते ऐका. मी ज्यांचे हिशेब लिहितो ते गाळेवाले चाकणच्या मोठ्या कारखान्यांच्या पुरवठादारांना बुश आणि पिना करून देतात. तिथे खराब माल मोजतात तो ‘पीपीएम’मध्ये, म्हणजे दहा लाखांत किती. चार नग बाद निघाले की मालकाला बोलावणे येते. मग आठ पायऱ्यांचा अहवाल, मग ‘हे का झाले’ असे पाच वेळा विचारायचे. का झाले? टूल झिजले. का झिजले? असे करत करत पाचव्या ‘का’ला मालकाच्या डोळ्यांत पाणी येते. मागे एकदा एका बुशला नखाला लागेल न लागेल एवढी बर राहिली, तर अख्खी पेटी परत आली आणि टेम्पोचे भाडेही त्यांच्याच माथी. या माणसाने माझ्याकडे येऊन ते कार्ड वाचले. बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “हे असं आपल्याला छापून घेता येईल का हो?”

मी कंपनीला फोन केला. फोनवरच्या बाईंनी मला मॉनिटर बंद करून पुन्हा चालू करायला सांगितले, केबल काढून पुन्हा लावायला सांगितली, आणि एक १२ आकडी नंबर दिला. तीन दिवसांनी ‘आपली तक्रार समाधानकारकरीत्या निकाली काढण्यात आली आहे’ असा निरोप मोबाइलवर आला. समाधान कुणाचे, हे अध्याहृत. पुन्हा फोन, पुन्हा नंबर. चाकणचा संग्रामदुर्ग १६६० साली फिरंगोजी नरसाळ्यांनी शाइस्ताखानाच्या फौजेपुढे ५५-५६ दिवस लढवला. माझा वेढा किती चालेल याचा अंदाज घेत मी कॅलेंडरवर खुणा करायला लागलो.

एकविसाव्या दिवशी एक इंजिनीअर आला. इंजिनीअर म्हणजे बावीस-तेवीस वर्षांचा पोरगा, पाठीला सॅक, इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा. मी त्याला पाणी दिले आणि टॉर्चचा प्रयोग करून दाखवला.

“हो सर, बॅकलाइटच आहे,” तो म्हणाला.

“मग उघड की बाबा.”

“आम्हाला उघडायला परवानगी नाही सर. आम्ही फोटो काढून पाठवतो. वरून पॅनेल मंजूर झालं तर बदलतो.”

त्याने चारी बाजूंनी फोटो काढले. डाव्या कोपऱ्यावर एक चरा होता, गव्हाच्या दाण्याएवढा. त्याचा त्याने जवळून फोटो काढला, तेव्हाच माझ्या पोटात गोळा आला. दोन दिवसांत निकाल लागला, ‘बाह्य इजा, हमी लागू नाही’. प्लास्टिकच्या कडेवरचा चरा आतला दिवा कसा विझवतो, याचा पाचदा काय, एकदाही ‘का’ कुणी विचारला नाही.

पण त्या पोराचे एक वाक्य माझ्या मनातून जात नाही. चहा पिता पिता मी सहज विचारले, “तुला सोल्डरिंग येतं ना रे?” तर तो म्हणाला, “कॉलेजात केलं होतं सर. नोकरीत दोन वर्षांत हातात घेतलेलं नाही.” १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली तेव्हापासून हा पट्टा हातांवर चालत आला आहे. इथे बंद पडलेले मशीन चालू करणाऱ्याला मान असतो. आणि त्याच गावात हे कार्ड एका डिप्लोमावाल्याला फोटोग्राफर करून सोडते! समीक्षक म्हणून माझा मुख्य आक्षेप टाइपावर नाही, अपवादांवरही नाही. या संपूर्ण ग्रंथात दुरुस्ती हा शब्द येतो, पण दुरुस्ती करणारा माणूस कुठेच येत नाही. नायकाशिवाय नाटक, असे त्याचे झाले आहे.

दुरुस्तीच्या हक्कासाठी केंद्र सरकारने २४ डिसेंबर २०२२ ला एक पोर्टल काढले. शेतीची अवजारे, मोबाइल आणि इलेक्ट्रॉनिक वस्तू, घरगुती उपकरणे आणि वाहने अशी चार क्षेत्रे त्यात धरली आहेत. चांगली गोष्ट आहे. पण माझा कोपऱ्यावरचा चरा तेवढ्याने भरून निघणार नव्हता.

तेव्हा मी कार्डाचे शेवटचे कलम काढले. ‘सर्व वाद फक्त अमुक शहराच्या न्यायकक्षेत’. ते शहर चिंचवडपासून रेल्वेने दीड दिवसाच्या अंतरावर. इथे मात्र कवीचा अभ्यास कच्चा निघाला. ग्राहक पंचायतीचे काम बिंदुमाधव जोशींनी १९७४ साली आपल्या पुण्यातच सुरू केले, १९८६ साली ग्राहक संरक्षणाचा कायदा आला, आणि २०१९ च्या नव्या कायद्याने तर ग्राहक जिथे राहतो किंवा काम करतो तिथल्या जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या मालाला फीसुद्धा नाही. वस्तू धंद्यासाठी घेतली असे ते म्हणतील, पण पोटापाण्यासाठी स्वतः राबून वापरलेली वस्तू असेल तर कायदा आपल्याला ग्राहकच मानतो. हे सगळे मी दीड पानात, टापटीप अक्षरात लिहिले. पत्राला चऱ्याचा फोटो आणि टॉर्चमधल्या तक्त्याचा फोटो जोडला, आणि रजिस्टर्ड एडीने धाडून दिले.

नवव्या दिवशी तोच पोरगा खोके घेऊन दारात. “काय लिहिलंत सर तुम्ही?” असे हसत विचारले त्याने. खोक्यात दुसरा मॉनिटर होता. नवा नव्हे, ‘पूर्ववत केलेला’. कार्डाच्या सातव्या कलमात तशी तरतूद आहे. म्हणजे या कंपनीत कुठेतरी, कुठल्यातरी शेडमध्ये, कुणीतरी झाकणे उघडतो, पट्ट्या बदलतो, सोल्डरिंग करतो! माझाही मॉनिटर आता तिकडेच जाणार, आणि दोन महिन्यांनी सोलापूरला नाहीतर नागपूरला कुणाच्या तरी टेबलावर उजळणार. त्या अज्ञात कारागिराचे नाव कार्डात नाही.

पोराने मॉनिटर जोडला, पडदा लख्ख पेटला. मग त्याने स्वतःच मान तिरकी करून कडा तपासल्या. उजव्या कोपऱ्यावर एक चरा होता. माझ्याआधीच्या कुणाचा तरी.

“सर,” तो आवाज खाली आणून म्हणाला, “याचा आत्ताच फोटो काढून ठेवा. तारीख दिसली पाहिजे.”

मी त्या दिवशीचा पेपर मॉनिटरला टेकवून उभा केला. फोटो त्यानेच काढला. त्यात तो आता चांगला तयार आहे.