गोरा, पांढरा, पांढरपेशा

लिलियाँ थुराम फ्रान्सकडून 142 आंतरराष्ट्रीय सामने खेळले आणि त्यांत त्यांनी गोल केले दोन. दोन्ही एकाच संध्याकाळी, 8 जुलै 1998 रोजी, विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात, क्रोएशियाविरुद्ध. आजही थुराम म्हटलं की लोकांना तो सामना आठवतो. 2004 मध्ये आलेल्या त्यांच्या आत्मपर पुस्तकाचं नावसुद्धा ती तारीखच आहे. बचावपटूचं हे असंच असतं. शंभरावर सामन्यांत त्यानं जे होऊ दिलं नाही, त्याची नोंद कुठे ठेवायची?

त्यातही गंमत अशी, की पहिल्या गोलाचं मूळ एका चुकीत होतं. मध्यंतरानंतर लगेच शुकरनं क्रोएशियाला आघाडी मिळवून दिली, कारण थुराम इतर बचावपटूंच्या रेषेपेक्षा मागे राहिले होते आणि त्यामुळे शुकर ऑफसाइड ठरला नाही. पुढच्याच मिनिटाला चिडलेले थुराम पुढे सरसावले, चेंडू हिसकावला आणि बरोबरी केली. काही वेळानं डाव्या पायानं दुसरा. मग गुडघ्यांवर बसून ओठांवर बोट, जणू हे कुणी केलं याचा विचार करताहेत.

बाकीची कारकीर्द थोडक्यात सांगता येते. मोनाको, पार्मा, युव्हेंटस, बार्सिलोना. 1998 चा विश्वचषक, 2000 चा युरो, 2006 चा हरलेला अंतिम सामना. 2008 मध्ये हृदयात दोष निघाला आणि खेळ थांबला. त्याच वर्षी त्यांनी वंशवादाविरुद्ध शिक्षणाचं काम करणारी संस्था काढली. पुढची पुस्तकं त्या कामातून आली आहेत. इथे मला बोलायचं आहे ते त्यांच्याबद्दल.

2010 चं 'माझे काळे तारे' हे पहिलं महत्त्वाचं पुस्तक. आदिमानवी ल्युसीपासून ओबामांपर्यंत काळ्या माणसांची शब्दचित्रं. हेतू सरळ आहे. ग्वादलूपहून नवव्या वर्षी पॅरिस परिसरात आलेल्या मुलाला वर्गात एका कार्टूनमधल्या काळ्या, मठ्ठ गायीच्या नावानं चिडवलं गेलं, आणि आपण 'काळे' आहोत हे त्याला तिथे कळलं. त्या मुलाच्या हाती शाळेनं गुलामीखेरीज काळ्यांचा इतिहास दिला नव्हता. पुस्तक ती उणीव भरून काढतं. पण चरित्रांची अशी ओळ मांडली की प्रत्येक माणूस थोडा पुतळा होतो. आपल्याकडच्या शालेय वाचनमालांमधून हा प्रकार पुरेपूर ओळखीचा आहे. शिवाय अशा पुस्तकात सिद्ध करायची जबाबदारी पुन्हा काळ्यांवरच येते: बघा, आमच्यातही मोठी माणसं होती.

2020 मध्ये आलेलं 'ला पांसे ब्लांश' हे त्यापुढचं पाऊल, आणि माझ्या मते त्यांचं सर्वांत भक्कम पुस्तक. इथे नजर उलटते. काळ्यांविषयी खूप झालं, आता गोऱ्यांकडे बघू. गोरेपणा ही कातडी नसून सवयीनं अंगवळणी पडलेली, स्वतःला सर्वसाधारण समजणारी दृष्टी आहे, असा त्यांचा दावा. त्यांचा एक किस्सा मुद्द्यावर अचूक बोट ठेवतो. वंशवादावर गोरा म्हणून बोल, असं त्यांनी मित्राला सुचवलं. मित्र गोंधळला. मी काळा, तर मग तू कोण, असं विचारल्यावर तो म्हणाला, मी नॉर्मल.

बचावपटूची ही खास नजर आहे असं मला वाटतं. आघाडीचा खेळाडू गोलकडे बघतो. बचावपटूचं सारं लक्ष चेंडू ज्याच्या पायात आहे त्याच्यावर. थुराम यांनी सत्तेचा चेंडू ज्याच्याकडे आहे त्याच्यावरून डोळा हलू दिलेला नाही. याची किंमतही मोजली. गोरे स्वतःला श्रेष्ठ समजतात, असं 2019 मध्ये एका इटालियन दैनिकाला सांगितल्यावर वंशवादविरोधी गोटातूनच त्यांच्यावर टीका झाली.

दोषही आहेत. इतिहासाचा भाग लांबतो, शिकवणीचा सूर लागतो, आणि उसन्या संदर्भांच्या गर्दीत लेखक दिसेनासा होतो. सर्वांत खटकतं ते फुटबॉलचं प्रमाण. 1998 च्या संघाचा 'काळे-गोरे-अरब' म्हणून झालेला जयघोष आणि 2011 मध्ये फुटली ती बातमी, दुहेरी नागरिकत्वाच्या मुलांवर कोटा लावण्याची फुटबॉल महासंघातली चर्चा, या दोन टोकांमध्ये एक अख्खं पुस्तक दडलेलं होतं. त्या चर्चेत सापडलेले प्रशिक्षक लोराँ ब्लाँ हे 1998 च्या संघात थुराम यांच्या शेजारी बचावाला उभे असत. (ब्लाँ या आडनावाचा अर्थच 'पांढरा', कादंबरीकारानं असं नाव ठेवलं असतं तर आपण त्याला हसलो असतो.) थुराम यांनी तेव्हा जाहीर टीका केली. पण ड्रेसिंग रूममध्ये शेजारी बसणारा माणूस असा विचार कसा करू लागतो, हे आतून सांगू शकणारा लेखक पुस्तकात बहुतेक वेळ ग्रंथालयात बसून राहतो.

मराठीत या पुस्तकाचं काय करायचं, हा मला सुटता न सुटणारा प्रश्न आहे. आपला पहिला मोठा दलित क्रिकेटपटू पळवणकर बाळू. 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात त्यानं शंभरावर बळी घेतले, पण हिंदू संघाचं कर्णधारपद त्याला कधीच मिळालं नाही. पुण्यात खेळताना त्याचा चहा पॅव्हेलियनबाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यात. भाऊ विठ्ठल 1923 मध्ये कर्णधार झाला आणि पुढे त्यानं मराठीत आत्मचरित्र लिहिलं. दया पवारांच्या 'बलुतं'पासून तर सोसणाऱ्यांनी आपल्याला भरभरून लिहून दिलं. पण बाळूला कर्णधार न करणाऱ्या माणसांच्या डोक्यात काय चाललं होतं? चहाचं वेगळं भांडं रोज मांडणाऱ्याला ते रोजचंच वाटत होतं का? त्या बाजूनं लिहिलेलं मराठी पान मला आठवत नाही. 'आम्ही जात मानत नाही' हे वाक्य आपल्या 'मी नॉर्मल'चंच मराठी रूप आहे.

शीर्षकापासूनच अडतं. इंग्रजी अनुवादकांनी 'व्हाइट थिंकिंग' केलं. 'थॉट' न म्हणता चालू क्रिया सुचवली, हे चांगलं. मराठीत 'गोरा विचार'? पण 'गोरा' हा लग्नाच्या जाहिरातीतला शब्द: गोरी, निमगोरी, गव्हाळ, सावळी. तो कौतुकाचा आहे, आणि 'गोरे सोजीर'मध्ये तोच परक्या राज्यकर्त्याचाही. एकाच शब्दात हवंहवंसं आणि नकोसं दोन्ही. आनेकलला राहणाऱ्या मराठी माणसाला हे जास्त टोचतं, कारण अत्तिबेले ओलांडलं की तमिळनाडू, आणि तमिळमध्ये हा गोंधळ नाही. तिथे इंग्रज तो वेळ्ळैक्कारन, पांढरा माणूस. पण उजळ कांतीची मुलगी 'सिवप्पु', म्हणजे लाल. तमिळ अनुवादकाचं काम तिथे सोपं होतं.

आपल्याकडे मात्र एक शब्द असा आहे जो त्यांच्याकडे नाही: पांढरपेशा. अंगमेहनत न करणारा, स्वच्छ कपड्यांतला, आणि पिढ्यान्‌पिढ्या बहुतेक वरच्या जातींचा. स्वतःलाच 'सर्वसाधारण मराठी माणूस' समजणारा. 'पांढरपेशी विचार' हे नाव ठेवलं, तर पुस्तक एका फटक्यात पॅरिसहून पुण्यात येऊन बसतं. अडचण अशी, की साखरेच्या मळ्यांवरचा, 1685 च्या काळ्या संहितेनं माणसाला जंगम मालमत्ता ठरवणारा मालक या शब्दात मावत नाही. त्या प्रकरणांत 'गोरा'च लागेल. आज लिहायला बसले तर मी दोन्ही शब्द ठेवीन, गुलामीच्या भागात एक आणि सवयींच्या भागात दुसरा, आणि तो बदल नेमका कुठल्या पानावर करायचा, यावर अडून बसेन.