क्रेफिश त्यांचा, खेकडा आपला

टॉमस हेन्री हक्स्ली यांनी १८७१ साली लंडनमध्ये शाळाशिक्षकांसाठी जीवशास्त्राचे वर्ग घेतले. शिक्षकांनी केवळ ऐकू नये, स्वतः विच्छेदन करून पाहावे, हा त्यांचा आग्रह होता. हाच आग्रह १८८० सालच्या त्यांच्या ‘द क्रेफिश’ या पुस्तकात दिसतो. क्रेफिश हा गोड्या पाण्यातला कवचधर प्राणी. शेपूट झिंग्यासारखे, नांग्या खेकड्यासारख्या. इंग्लंडच्या ओढ्यांतला हा परिचित जीव घेऊन हक्स्ली सबंध प्राणिशास्त्राची ओळख करून देतात. आधी सवयी, मग शरीरक्रिया, रचना, भाऊबंदांशी तुलना आणि शेवटी जगातला प्रसार, हा क्रम आम्हाला आजही आदर्श वाटतो.

पुस्तकात उणीव नाही असे नाही. रचनेच्या प्रकरणात उपांगांच्या नावांची एवढी गर्दी होते, की जिवंत प्राणी नजरेआड जातो. पण खरी चूक पुस्तकाची नाही, ते वापरणाऱ्यांची आहे. भारतात क्रेफिश मूळचा नाहीच. जालना जिल्ह्यातील अंतरवाली सराटीसारख्या गोदाखोऱ्यातल्या गावी शिक्षकाने फळ्यावर क्रेफिश काढून त्याची उपांगे पाठ करून घेतली, तर हक्स्लींचा प्राणी हाती येईल, पद्धत मात्र सुटेल. त्याच वर्गात बिळात हात घालून खेकड्याचा चिमटा खाल्लेला एखादा विद्यार्थी गप्प बसलेला असेल.

हक्स्लींचा क्रम या खेकड्याला लावून पाहावा. पाय मोजले तर नांग्या धरून दोघांचेही दहाच. मग खेकड्याचे शेपूट कुठे गेले? त्याला उलटा केला, की पोटाखाली दुमडलेले दिसते. नराचे अरुंद, मादीचे रुंद. रुंद का, याचे उत्तर अंडी धरलेली मादी देते. समुद्रातल्या खेकड्याच्या अंड्यातून ‘झोइया’ नावाचा डिंभ निघतो. तोच जीवनक्रम सरसकट सर्व खेकड्यांचा म्हणून शिकवला, तर ओढ्यातल्या खेकड्याबाबत तो चुकतो. याच्या अंड्यातून थेट इवला खेकडाच बाहेर पडतो. क्रेफिशचेही तसेच. कुळे वेगळी, पण वाहत्या गोड्या पाण्यात दोघांचीही रीत एकच. असे का, हा प्रश्न वर्गाला विचारण्याजोगा आहे.

विहिरीतला सूक्ष्म सायक्लॉप्स हाही याच कवचधरांपैकी. नारूच्या जंताची पिल्ले त्याच्यामार्फत माणसाच्या पोटात जात. पाणी फडक्याने गाळून पिण्याची सवय हा त्या रोगाविरुद्धचा एक मुख्य उपाय होता. २००० साली भारत नारूमुक्त जाहीर झाला. क्रेफिशची उपांगे पाठ केल्याने हा धडा मिळाला नसता.

शिक्षकांनी हक्स्ली जरूर वाचावा, मात्र शेजारी पाण्याच्या बादलीत एक खेकडा असावा. पाहून झाल्यावर तो होता तिथे सोडावा. आणि चिमटा न बसता त्याला धरायचा कसा, हे त्या गप्प बसलेल्या विद्यार्थ्याला विचारावे.